पुठ्ठ्याचा डोंगर, फेविकॉलची नदी

मैत्रिणींनो, तुमच्या माळ्यावर आणि पलंगाखाली आत्ता किती रिकामी खोकी पडून असतील, अंदाज करा पाहू! मिक्सरचं खोकं ‘बदलून घ्यायची वेळ आली तर असू दे’ म्हणून ठेवलेलं, घरपोच आलेल्या सामानाची लहानमोठी खोकी, चपलांची, साड्यांची. रद्दीवाला त्यांना मनासारखा भाव देत नाही आणि आपल्याच्यानं ती टाकवत नाहीत. या अडगळीतूनच एक अख्खा मुलूख उभा करता येतो. त्यात डोंगर असतील, दरी असेल, दरीवर मोडकळीला आलेला पूल असेल आणि पलीकडे एक पडका वाडा. एवढं झालं की त्या मुलुखात तुमच्या घरातलीच चार-पाच माणसं साहसाला निघतील, टेबलाभोवती बसल्या बसल्या.

हे सगळं कशासाठी? तर ‘भूमिका घेऊन खेळायच्या’ खेळासाठी. परदेशात हा खेळ पन्नासएक वर्षं चालू आहे. आपल्याकडच्या शहरांतली कॉलेजातली मुलंही आता तो खेळू लागली आहेत. तुमच्या घरातल्या एखाद्या भाच्या-पुतण्याला विचारलंत, तर तो ‘डी अँड डी’ म्हणून उत्साहानं सांगायला बसेल. पण हा खेळ फक्त कॉलेजकुमारांचा नाही बरं का! तो सहकुटुंब खेळायला फार छान आहे, आणि घरच्या बाईला त्यात एरवीच्या खेळांपेक्षा जास्त मान आहे. त्याबद्दल शेवटी सांगतेच.

खेळ आहे तरी काय?

गोष्ट सांगणारा एक जण असतो. इंग्रजी पुस्तकांत त्याला काहीही नाव असो, आपण त्याला ‘सूत्रधार’ म्हणू. बाकीचे प्रत्येक जण एकेक पात्र घेतात. कुणी धनुर्धारी, कुणी जडीबुटी जाणणारी वैदू, कुणी हातचलाखीत पटाईत चोर, कुणी जेमतेम दोन मंत्र येणारा शिकाऊ मांत्रिक. सूत्रधार प्रसंग सांगतो, “पुलाची अर्धी फळकुटं निखळलेली आहेत. खाली पाण्याचा आवाज येतोय. काय करता?” मग घरातली धाकटी म्हणते, “मी दोर टाकते.” सूत्रधार म्हणतो, “टाक फासा. बारा किंवा जास्त पडले तर दोर पलीकडच्या झाडाला अडकला!”

हा फासा असतो वीस बाजूंचा. चार, सहा, आठ, दहा, बारा आणि वीस बाजूंचे असे फाशांचे संच मिळतात. पण ते नसले तर अडत नाही. एक ते वीस आकड्यांच्या चिठ्ठ्या करा, वाटीत टाका, एक उचला आणि पाहून परत वाटीत टाका. सोप्या कामाला आठ, मध्यमाला बारा, अवघडाला सोळा, एवढा हिशेब घरच्या खेळाला पुरतो. पुढे गोडी लागली तर मूळ खेळाचे प्राथमिक नियम प्रकाशकांनीच विनामूल्य उपलब्ध करून दिलेले आहेत.

या खेळाला ठरावीक पट नाही. नुसत्या बोलण्यावरही तो चालतो. पण समोर खरोखरीचा पूल दिसला की खेळाचा रंगच बदलतो. “एका वेळी दोघं गेलो तर मोडेल का?” असं कुणीतरी वाकून बघत विचारतं, आणि तिथूनच गोष्ट सुरू होते.

आपल्याला हे नवं नाही

तुम्ही म्हणाल, असला डोंगर-दऱ्यांचा पसारा आपल्याला कुठून जमायला! अहो, दिवाळीतला किल्ला विसरलात? विटा-दगड रचायचे, त्यावर चिखलात बुडवलेलं गोणपाट टाकायचं, मातीचा हात फिरवायचा आणि अळीव किंवा मोहरी पेरून हिरवळ उगवायची. बुरूज, विहीर, वर सिंहासनावर महाराज आणि वाटेवर मातीचे मावळे. महाराष्ट्रातल्या पोरांनी पिढ्यान्पिढ्या हे केलेलं आहे. टेबलावरचा मुलूख म्हणजे त्या किल्ल्याचंच धाकटं भावंडं, फक्त वाळलेलं, हलकं आणि आवरून ठेवता येणारं.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. पुष्कळ घरांत किल्ला मुलांचा आणि रांगोळी मुलींची अशी वाटणी असे. मुलींनी फार तर पाणी आणून द्यायचं. या खेळात ती वाटणी मोडायची छान संधी आहे. रांगोळीनं मुरलेला हात दगडी फरशी जितकी सुबक काढेल, तितकी ती चिखलात मुरलेल्या हाताला क्वचितच जमेल. आणि पूल बांधायची हौस मुलींना नसते, असं कुणी सांगितलं?

पश्चिमेतही या खेळाचा उगम अशाच मांडामांडीत आहे. १८१२ मध्ये फॉन राइसविट्झ नावाच्या एका प्रशियन गृहस्थानं आपल्या राजासाठी युद्धाच्या सरावाचं एक टेबल बनवलं. त्यावर जमिनीचे सुटे तुकडे हवे तसे मांडता येत. पुढे एच. जी. वेल्स या प्रसिद्ध इंग्रज लेखकानं मुलांबरोबर जमिनीवर खेळायच्या खेळांवर ‘फ्लोअर गेम्स’ (१९११) आणि ‘लिटल वॉर्स’ (१९१३) ही पुस्तकं लिहिली. फळ्या, लाकडी ठोकळे आणि झाडांच्या डहाळ्या हेच त्यांचं साहित्य! मग अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन या दोघांनी १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला. गायगॅक्स यांच्या तळघरात वाळूचं मोठं टेबल होतं, आणि राक्षस म्हणून ते स्वस्तातली प्लॅस्टिकची खेळणी वापरत. त्यातल्या ओळख न पटणाऱ्या काही वेड्यावाकड्या प्राण्यांना त्यांनी नावं दिली आणि ते खेळातले प्रसिद्ध राक्षस होऊन बसले. तेव्हा जत्रेतून आणलेला तुमच्याकडचा तीन पायांचा डायनोसॉर टाकून देऊ नका!

आधी मोजमाप

शिवणाला जसं माप, तसं इथंही. या खेळात एक इंचाचं एक घर धरतात आणि ते पाच फूट मानतात. साधारण माणूस एका खेपेला सहा घरं चालतो. म्हणून आपण सहा इंच लांब, सहा इंच रुंद असे चौकोनी तुकडे करू. एका खेपेत एक तुकडा ओलांडला, हिशेब सोपा. असे सहा तुकडे दोन ओळींत मांडले तर एक फूट बाय दीड फुटाची जागा होते. जेवणाचं टेबल नसलं तरी ती चौरंगावर मावते.

पात्रांसाठी दीड इंच उंचीची चित्रं जाड कागदावर काढा. खाली बैठकीला एक रुपयाच्या नाण्याभोवती पेन्सिल फिरवून पुठ्ठ्याची चकती कापा. ती एक इंचाच्या घरात बरोबर बसते. बाटल्यांची झाकणं किंवा कॅरमच्या सोंगट्या वापरायच्या असतील तर मात्र घरं सव्वा इंचाहून थोडी मोठी आखा, नाहीतर दाटीवाटी होते.

दारं दीड इंच उंच ठेवा. भिंती मात्र अर्ध्या-पाऊण इंचापेक्षा उंच नकोत. खऱ्या प्रमाणात त्या उंच हव्यात हे खरं, पण उंच भिंतीआड बुटक्या मुलांना काही दिसत नाही आणि सोंगटी हलवताना हात अडकून सगळा वाडा कोसळतो.

साहित्य

खोक्यांचा पुठ्ठा, रद्दी वर्तमानपत्रं, अंड्यांचे कागदी ट्रे, खराट्याचे हीर, आइस्क्रीमच्या काड्या, फॉइलच्या गुंडाळीतली पुठ्ठ्याची नळी, करवंटी, काथ्या, वाळलेल्या घोसाळ्याची जाळी, जुना भांडी घासायचा स्पंज, वापरून धुऊन वाळवलेली चहाची पूड, रांगोळी किंवा बारीक वाळू, फेविकॉल, आणि काळा, पांढरा, तपकिरी, हिरवा, निळा एवढेच पोस्टर कलर. विकत आणायचं ते फक्त शेवटचं.

कृती

*जमीन.* पुठ्ठ्याचे सहा इंची चौकोन दोन-दोन कापा. पुठ्ठ्याच्या आत बारीक नळ्या असतात, त्या पाहून घ्या. एका चौकोनाच्या नळ्या आडव्या आणि दुसऱ्याच्या उभ्या येतील असे ते एकमेकांवर चिकटवा आणि वर जाडजूड पुस्तकं ठेवून रात्रभर दाबा. असं केलं की तुकडा वाकत नाही. एका बाजूला रंग दिला की दुसऱ्याही बाजूला एक हात मारा. एकाच बाजूनं रंगवलेला पुठ्ठा वाळताना पापडासारखा वळतो.

*दगडी फरशी आणि भिंती.* अंड्यांच्या ट्रेचे सपाट भाग नखाएवढे वेडेवाकडे चौकोन करून कापा आणि मध्ये थोडी फट ठेवत चिकटवत जा. ट्रेचा मूळचा खरखरीतपणा हुबेहूब दगडासारखा दिसतो. हे काम आजोबांना द्या. दूरदर्शनवरच्या बातम्या ऐकता ऐकता त्यांची अख्खी भिंत होऊन जाते.

*डोंगर.* नकाशात उंचीच्या रेषा असतात ना, तसा करायचा. पुठ्ठ्याचे एकापेक्षा एक लहान थर एकावर एक चिकटवा. दोन-तीन थरांची अर्धा इंच उंच पायरी होते. प्रत्येक पायरी निदान एक घर रुंद आणि सपाट ठेवा. उतार कितीही खरा दिसला तरी त्यावर सोंगट्या उभ्या राहत नाहीत, घसरतात. कडा झाकायला कागदाचा लगदा लावा.

*लगदा.* आपल्या आज्या बांबूच्या टोपल्या आणि सुपं लिंपायला कागदाचा लगदा करत आणि त्यात मेथी वाटून घालत. तोच हा. वर्तमानपत्र फाडून रात्रभर भिजवा, पिळा, वाटा, मूठभर लगद्याला चमचाभर भिजवून वाटलेली मेथी आणि थोडं फेविकॉल किंवा मैद्याची खळ घाला. खळीसाठी एक वाटी मैद्याला चार-पाच वाट्या पाणी आणि चिमूटभर तुरटी घेऊन मंद आचेवर ढवळत शिजवा. पूर्वी पुस्तकबांधणीच्या खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालत. ते विषारी आहे. मुलांच्या कामात ते मुळीच नको.

*पूल.* आइस्क्रीमच्या काड्यांचे एक इंची तुकडे दोन हिरांवर ओळीनं चिकटवा. मधल्या एक-दोन जागा मुद्दाम रिकाम्या सोडा. चांगल्या पुलावर काही घडत नाही. मोडक्यावर सगळं घडतं.

*बुरूज आणि गुहा.* पुठ्ठ्याची नळी बुरुजाला, अर्धी करवंटी गुहेला. करवंटीला तोंड पाडायचं काम मोठ्यांनी करावं. झोपडीच्या छपराला काथ्या उत्तम.

*झाडी.* घोसाळ्याच्या जाळीचे किंवा स्पंजचे तुकडे तोडून हिरवे रंगवले की झुडपं झाली. कात्रीनं कापू नका, हातानंच तोडा, म्हणजे कडा नैसर्गिक दिसतात. जमिनीवर फेविकॉल लावून चहाची पूड भुरभुरवा, ओली माती आणि पाचोळा झाला तयार. पूड मात्र दोन दिवस कडक उन्हात वाळलेली हवी, नाहीतर बुरशी धरेल.

*नदी.* निळ्या-हिरव्या रंगावर फेविकॉलचे पातळ हात द्या, एक वाळला की दुसरा. तीन-चार हातांनी पाण्यासारखी चकाकी येते. घाईनं एकदम जाड थर ओतला तर तो कितीतरी दिवस दुधी राहतो.

रंगाची खरी युक्ती

सगळी गंमत रंगात आहे आणि ती अगदी सोपी आहे. आधी सगळीकडे काळा रंग द्या. दोन भाग रंगात एक भाग फेविकॉल मिसळलंत तर वस्तू मजबूतही होते. तो पूर्ण वाळला की राखाडी रंगात ब्रश बुडवा आणि जुन्या फडक्यावर इतका पुसा की त्यात रंग उरलाच नाही असं वाटावं. मग तो ब्रश दगडांवरून अलगद फिरवा. उंचवट्यांना तेवढा रंग लागतो, फटींत काळोख तसाच राहतो. शेवटी आणखी फिक्या राखाडीचा एक हलका हात, फक्त कडांना. पाच मिनिटांत अंड्याच्या ट्रेचा पाषाण होतो! लाकडाला उलट करा. तपकिरी रंगावर काळ्या रंगाचं ताकासारखं पातळ पाणी सोडा, ते फटींत जाऊन बसतं.

सावधगिरी

थर्माकोल हलका, कापायला सोपा, म्हणून मोह होतो. पण महाराष्ट्रात २०१८ मध्ये थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली, आणि ती योग्यच होती. तेव्हा नवा विकत आणू नका. एखाद्या यंत्राच्या खोक्यातून आलेला घरात पडूनच असेल तर तो मात्र कचऱ्यात जाण्याऐवजी इथं कामी येऊ द्या. त्यावर फवाऱ्याचे रंग, ऑइलपेंट किंवा उग्र वासाचा रबरी गोंद लावू नका. त्यांतल्या द्रावणानं तो विरघळून खड्डे पडतात. तापलेल्या तारेनं किंवा सुरीनं तो कापणं तर नकोच, धूर फुप्फुसांना घातक असतो. धारदार पातं मोठ्यांच्या हाती. घरात रांगतं मूल असेल तर चकत्या, मणी, चिठ्ठ्या खेळ संपताच डब्यात बंद.

ठेवायचं कुठे?

हा प्रश्न घरात फक्त तुम्हालाच पडणार, म्हणून आधीच नियम करून टाका. सगळा मुलूख साडीच्या दोन खोक्यांत मावला पाहिजे. एकात जमिनीचे तुकडे, दुसऱ्यात सुट्या वस्तू. झाडं, पूल, बुरूज जमिनीला कायमचे चिकटवू नका. सुटे ठेवले तर आजचं जंगल उद्या बाजारपेठ होतं आणि जागाही वाचते. खोक्यात कडुनिंबाचा वाळलेला पाला टाका. खळ आणि दमट हवा म्हणजे कसरीला आमंत्रण. म्हणून पावसाळ्यापूर्वी आणि नंतर एकदा उन्हं दाखवा.

पहिल्या संध्याकाळी

तीस वस्तू करून मग खेळू, असं म्हणाल तर खेळ कधीच सुरू होणार नाही. पहिल्यांदा तीनच करा. त्या अशा निवडा की प्रत्येकीतून एक प्रश्न उभा राहील. मोडका पूल : कसं ओलांडायचं? बंद दार : उघडायचं कसं आणि उघडावं का? उंच जागा : आधी तिथं कोण पोचतं? दिसायला सुंदर पण प्रश्न न विचारणारी वस्तू मागाहून करावी.

गोष्ट छोटी घ्या. गावातली विहीर आटली आहे, पाण्याचा झरा वाड्यातल्या कुणीतरी अडवलाय. कुणी, कशासाठी? एवढं पुरे. लढाईच झाली पाहिजे असं नाही. एखादी चाणाक्ष आत्या त्या वेताळाशी गप्पा मारून त्याचं दुःखच काढून घेईल आणि तलवारी म्यानातच राहतील. सूत्रधारानं असल्या उत्तरांना खुल्या मनानं वाव द्यावा. साधारण सात-आठ वर्षांपुढची मुलं उत्तम खेळतात. दीड तासात आटोपतं घ्या, आणखी हवं असं वाटत असतानाच थांबलेलं बरं.

फासा वाईट पडला तर पात्र पडेल, ओलं होईल, पकडलं जाईल. पण मूल सुखरूप तुमच्याशेजारी बसलेलं असतं. एरवी एका मार्कानं हिरमुसणारी मुलं इथं हरूनही हसतात आणि पुन्हा उपाय शोधायला लागतात. विचारलं तर हो-नाही एवढंच बोलणारा चौदा वर्षांचा मुलगा “मी पुढे जातो, तुम्ही मागे थांबा” असं म्हणतो. तो कुणाला मागे थांबवतोय, हे आईनं नीट ऐकावं. पात्राच्या तोंडून मुलं पुष्कळ काही बोलून जातात. तिथल्या तिथे उलटतपासणी नको. आपणही आपल्या पात्राच्या तोंडूनच उत्तर द्यावं.

आणि तुम्ही?

आता ते शेवटचं. घरात पत्ते किंवा कॅरम रंगला की बाई कुठे असते? चहा ठेवायला, भजी तळायला, मध्येच दार उघडायला. चौथा भिडू कमी पडला तर “जरा बस ना” म्हणायचं आणि कुकरची शिट्टी झाली की उठवायचं. या खेळात असं चालत नाही, कारण वैदू उठून गेली तर जखमी धनुर्धाऱ्याला कोण वाचवणार? तुमची जागा दुसरं कुणी भरू शकत नाही. म्हणून खेळाच्या दिवशी खाणं सोपं ठेवा. चिवड्याचा डबा, कलिंगडाच्या फोडी, ज्यानं त्यानं घ्यावं. बोटं तेलकट नसली म्हणजे झालं, नाहीतर नदीला डाग पडतात!

सूत्रधाराची जागा तर तुमच्याकडे किंवा आजींकडे हक्कानं यायला हवी. एकेक घास भरवताना चिऊ-काऊपासून राक्षसापर्यंत गोष्टी वेळेवर रचणं, ऐकणाऱ्याचं तोंड पाहून त्या वळवणं, हे आपण आयुष्यभर केलेलं आहे. सूत्रधाराला याहून वेगळं काय यावं लागतं?

तेव्हा या शनिवारी एक खोकं उतरवा. फक्त एक पूल आणि एक दार करा. रविवारी ते वाळेल, आणि संध्याकाळी तुमचं पात्र कोण असावं, याचा विचार आजपासूनच करायला हरकत नाही.